कसब्याचे शीत, महाराष्ट्राचा भात

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सगळीकडे सारखाच शिजलेला असतो. मतदारांचे तसे नसते. म्हणूनच जनमत चाचण्यांपेक्षा संख्याशास्त्रीय प्रारूपे अधिक विश्वासार्ह, असे म्हटले जाते. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो.

पुण्यातला कसबा पेठ मतदारसंघ 1995 पासून भाजपकडे होता. केवळ मागील निकालांवर उभे केलेले प्रारूप 2023 च्या पोटनिवडणुकीतही तोच कौल देते. प्रत्यक्षात काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे 11 हजार मतांनी जिंकले. उमेदवार पाहून मत फिरले का, हे जुन्या आकड्यांतून कळत नाही. लोकांना विचारावेच लागते. मात्र तेवढ्यावरून पुढचे भाकीत करणाराही फसला असता. 2024 मध्ये आधी लोकसभेला आणि नंतर कसब्यातच धंगेकर पराभूत झाले.

राज्याचे गणित आणखी अवघड आहे. 2024 च्या लोकसभेत महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याहूनही कमी अंतर होते. जागा मात्र 30 आणि 17. दोन हजारांचा नमुना अगदी निर्दोष निवडला, तरी दोन आघाड्यांमधील फरक मोजताना सुमारे चार टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. म्हणजे पुढे कोण, हेच चाचणीला सांगता येत नाही. मतांचे जागांत रूपांतर करायला प्रारूप लागतेच. प्रणय रॉय आणि अशोक लाहिरी यांनी विरोधकांच्या एकजुटीचा निर्देशांक वापरला, तो यासाठीच.

पण 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी. मग या पक्षांची 2019 ची मते कोणाच्या खात्यावर मांडायची? प्रारूपकर्त्याला इथे अंदाज करावा लागतो, आणि हा अंदाज बहुधा समीकरणाआड दडून राहतो. त्याचे उत्तर पुन्हा मतदाराकडेच आहे.

त्यामुळे दोन पद्धतींची कुस्ती लावण्यात मला अर्थ दिसत नाही. भाकीत करणाऱ्याने फुटीची मते कशी वाटली, नमुना कुठून घेतला आणि जागांची शक्यता किती ते किती, हे निकालापूर्वीच छापावे. नुसता एक आकडा ठणकावून सांगणाऱ्याचे भाकीत खरे ठरले, तरी त्यातून आपण काही शिकत नाही. आणि चुकले, तर कुठे चुकले हेही कळत नाही.