पाऊलखूण कोणाची?

जाहिरातीची भाषा हा टीकाकाराचा विषय नव्हे, असा आपल्याकडे समज आहे. आम्हांस तो मान्य नाही. ‘कार्बन फूटप्रिंट’ या एका रूपकाने गेल्या वीस वर्षांत सुशिक्षित कुटुंबांच्या मनावर जो अंमल बसविला, तो क्वचितच एखाद्या कादंबरीने बसविला असेल.

या रूपकाचे कूळ पाहण्यासारखे आहे. १९९२ साली कॅनडातील प्राध्यापक विल्यम रीस यांनी ‘पाऊलखूण’ हा शब्द योजिला तो शहरांकरिता. एखादे नगर आपल्या सीमेबाहेरची किती भूमी खाते, हे त्यांस मोजावयाचे होते. त्यांच्या वाक्याचा कर्ता समाज होता. पुढे २००४च्या सुमारास बीपी या ब्रिटिश तेलकंपनीने ही कल्पना उचलली, ज्याने त्याने आपापला धूर मोजावा म्हणून गणकयंत्र पुरविले, आणि तुमची पाऊलखूण केवढी, असे जाहिरातींतून सामान्य माणसास विचारले. कर्ता बदलला, तेल विकणारा तर वाक्यातूनच नाहीसा झाला. कारागिरी म्हणून ही करामत थोर आहे, हे कबूल केले पाहिजे.

परंतु रूपक लंगडे आहे. मनुष्य वाट निवडतो, म्हणून पाऊल त्याचे. येथे प्रकार गौरीच्या पावलांसारखा आहे: पावले गौरीची, पण रांगोळीने ती काढणारा हात निराळा. पुण्यातील गृहस्थ दिवा लावतो, तेव्हा चंद्रपूरच्या वीजकेंद्रात कोळसा जळावा की नाही, हे त्यास कोणी विचारलेले नसते.

तथापि एवढ्यावरून स्वतःस निर्दोष ठरविणाऱ्या वाचकांशीही आमचा वाद आहे. १७५१ ते २०१० या काळातील औद्योगिक कार्बन डायऑक्साइड व मिथेन यांपैकी सुमारे ६३ टक्के भाग ९० उत्पादकांकडे जातो, असे रिचर्ड हीडी यांनी २०१३ साली दाखविले. दिवाणखान्यांतून हा आकडा मोठ्या समाधानाने सांगितला जातो. पण या उत्पादकांनी विकलेले व आपण जाळलेले इंधन त्यात धरलेले आहे. आणि त्या यादीत आपली सरकारी कोल इंडियाही आहे. दारी दोन मोटारी उभ्या करून हा आकडा ढालीसारखा पुढे करणे, हे वाचनच चुकीचे होय.

आमच्या मते ज्याच्या हाती निवड जितकी, तितका त्याचा दोष. या मापाने कंपनीची पावलेही मोजावीत. २०३० पर्यंत तेलवायूचे उत्पादन ४० टक्क्यांनी घटवू, असे बीपीने २०२० साली जाहीर केले. २०२३ साली ती घट २५ टक्क्यांवर आणली. २०२५ साली ते लक्ष्यच सोडून उत्पादन वाढविण्याचे ठरविले.