सुरतेचा सावकार आणि आमची ऐतिहासिक कादंबरी

सुरतेचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जानेवारी १६६४ ची स्वारी उभी राहते. येथील उधना-लिंबायतकडच्या मराठी मुलांना हा पाठ शिकविताना आम्हांस एक उणीव सतत जाणवत आली आहे. आमच्या ऐतिहासिक कादंबरीतील सावकाराला तिजोरी असते, मन नसते. तो भितो, धन पुरतो आणि लुटला जातो. त्याच्या शब्दाने राज्यकारभार कसा हाले, हे कादंबरीकार सहसा पाहत नाही.

वीरजी व्होरा हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा पुरुष होय. त्याच्याजवळ पद नव्हते, फौज नव्हती. परंतु सुरतेच्या इंग्रज वखारीचा व्यापार पुष्कळदा त्याच्याच कर्जावर चाले. आणि मिरी, पोवळी यांसारखा माल एकहाती उचलून तो भाव आपल्या मुठीत ठेवी. इंग्रजांना त्याचा जाच होई, पण त्याच्यावाचून त्यांचे चालत नसे. १६३८ मध्ये सुरतेच्या अंमलदाराने त्याला कैद केले, तेव्हा शहाजहानाने त्याची सुटका केली आणि अंमलदाराचेच पद गेले. अशा माणसाला कारस्थानी म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः त्याचे बळ इतरांच्या गरजेत होते.

या बळाची मर्यादाही तितकीच बोधक आहे. १६५७ मध्ये वारसायुद्धाच्या तोंडावर मुरादबक्षाने सुरतेचा किल्ला घेऊन तेथील सावकारांकडून पाच लाखांचे कर्ज उचलले, तेव्हा धनको कोण आणि बंदी कोण, हे सांगणे कठीण होते. १६६४ मध्ये सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. जॉर्ज ऑक्झेंडनने इंग्रजांची वखार राखली. व्होऱ्याचा वाडा मात्र लुटला गेला. दुसऱ्याच्या सत्तेआड उभे राहणाऱ्याला, ती सत्ता दडली की आडोसा उरत नाही.

तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) दरबारातील सूत्रधार दाखविला, अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ने (१९७७) आधुनिक राजकारणातील पडद्याआडच्या हालचाली दाखविल्या. पेढीवरच्या सूत्रधारास तेवढा न्याय मिळालेला आम्हांस आढळत नाही. त्याला न्याय दिल्याने महाराजांच्या पराक्रमास उणेपणा येईल, ही भीती निराधार होय. उलट, त्यांनी मोगलांच्या कोणत्या मर्मावर घाव घातला, हे तेव्हाच उमजेल. शिक्षकांनी मुलांना केवळ लुटीची मोजदाद शिकविली, तर उद्याचा पडद्याआडचा सावकार त्यांना ओळखता येणार नाही.