दप्तर, दुभाषी आणि सार्वभौमत्व : पिसुर्लेकरांच्या 'पोर्तुगेज-मराठे संबंध' या ग्रंथाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास अस्सल कागदपत्रांवर उभा राहिला पाहिजे, हा आग्रह इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्रात रुजविला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. त्यामुळे खानदेशातील इतिहासाच्या व मराठीच्या प्राध्यापकांना ही परंपरा घरची वाटते. परंतु राजवाडे यांची दृष्टी मुख्यतः मराठी व मोडी कागदांवर स्थिरावलेली होती. पश्चिम किनाऱ्यावरील एका सत्तेशी मराठ्यांचा दीडशे वर्षांहून अधिक काळ संबंध आला आणि त्या संबंधाचे सर्वांत सलग दप्तर मराठीत नाही. ते पोर्तुगीज भाषेत आहे. हे दप्तर मराठी वाचकासमोर आणण्याचे कार्य डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांनी केले. 'पोर्तुगेज-मराठे संबंध अर्थात पोर्तुगेजांच्या दप्तरांतील मराठ्यांचा इतिहास' हा त्यांचा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रस्तुत लेखात या ग्रंथाचे सामर्थ्य व मर्यादा तपासून, परभाषेतील दप्तरातून आपला इतिहास वाचताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते याचा विचार करावयाचा आहे.

ग्रंथामागील साधना

पिसुर्लेकर यांचा जन्म १८९४ मध्ये गोव्यातील सत्तरी महालातील पिसुर्ले या गावी झाला. गोव्यातील ऐतिहासिक दप्तरखान्याची धुरा त्यांनी १९३० नंतर सुमारे तीन दशके सांभाळली. या दप्तरखान्याची परंपरा १५९५ पर्यंत, म्हणजे दियोगु दु कोतु या इतिहासकाराच्या नेमणुकीपर्यंत मागे जाते. लिस्बन व गोवा यांच्यातील पत्रव्यवहाराची 'मोन्सून' पुस्तके आणि शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची स्वतंत्र मालिका, हे या संग्रहाचे मोठे धन होय. पिसुर्लेकरांनी राज्यमंडळाच्या ठरावांचे पाच खंड १९५३ ते १९५७ या काळात संपादित केले. दप्तर सांभाळणारा, ते संपादित करणारा आणि त्यावर इतिहास लिहिणारा माणूस एकच असावा, हा योग दुर्मीळ आहे. प्रस्तुत ग्रंथाचे गुण आणि मर्यादा या दोहोंचा उगम याच योगात आहे.

दप्तराचे बळ

ग्रंथाचे पहिले सामर्थ्य म्हणजे समकालीनता. बखरी घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहिल्या गेल्या, तर पोर्तुगीज पत्रे घटना घडत असतानाच लिहिली गेली. शिवाजी महाराजांच्या आरमाराचेच उदाहरण घेता येईल. कल्याण-भिवंडीच्या परिसरात महाराजांची गलबते बांधण्याच्या कामी रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर होता आणि वसईकर अधिकाऱ्यांनी त्याला तेथून काढून घेण्याची खटपट केली, ही हकीकत पोर्तुगीज कागदांतून कळते. १६५९ मध्येच या नव्या आरमाराची धास्ती पोर्तुगीजांना वाटू लागली होती. अशी भीती शत्रूच्या अंतर्गत पत्रव्यवहारात नोंदलेली असते, तेव्हा तिचे पुराव्याचे मोल मोठे असते.

दुसरे उदाहरण १६६७ च्या बारदेश स्वारीचे आहे. महाराजांच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या देसायांना पोर्तुगीज हद्दीत आश्रय मिळत होता. नोव्हेंबर १६६७ मध्ये स्वारी झाली आणि डिसेंबरमध्ये तह झाला. बंदींची सुटका आणि देसायांच्या उपद्रवाला आळा, या कलमांवरून स्वारीचा राजकीय हेतू स्पष्ट होतो. पिसुर्लेकर येथे अभिनिवेश बाळगत नाहीत. कागद जेथे थांबतो तेथे तेही थांबतात. हा संयम आजच्या काळात विशेष अनुकरणीय आहे.

दप्तराची मर्यादा

मात्र हाच संयम पुढे मर्यादा बनतो. ग्रंथाची मांडणी प्रामुख्याने एकेका राज्यकर्त्याच्या कारकिर्दीनुसार आहे. पत्रामागून पत्र, तहामागून तह येतो; परंतु हे पत्र कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने लिहिले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गोव्याचा विजरई लिस्बनला लिहितो तेव्हा तो माहिती देतो आणि त्याचबरोबर आपली बाजूही सावरतो. पराभवाच्या वृत्तांतात शत्रूचे सैन्य फुगते आणि विजयाच्या वृत्तांतात स्वतःचे पथक आटते. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी फोंड्याचा वेढा मोडून काढला व जुवे बेट घेतले, किंवा मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, अशा प्रसंगी हा प्रश्न अटळ ठरतो. ग्रंथाचे उपशीर्षक प्रामाणिक आहे : हा 'पोर्तुगेजांच्या दप्तरांतील' इतिहास आहे. वाचकाने हे शब्द विसरता कामा नयेत.

याहून सूक्ष्म अडचण भाषेची आहे. मराठी दरबारातून गेलेले एखादे पत्र गोव्यात पोर्तुगीज भाषांतरात उरते आणि मूळ नष्ट होते. पुढे अभ्यासक त्या भाषांतराचे पुन्हा मराठी करतो. अशा वेळी आपल्या हाती येणारे मराठी हे मूळ लेखकाचे मराठी नसते. चौथ, गावखंडी, जहागीर, सरंजाम या संज्ञा अशा प्रवासात कोठे घट्ट राहतात व कोठे सैल होतात, याची स्वतंत्र चर्चा ग्रंथात अपेक्षित होती.

दुभाष्यांचे स्थान

आश्चर्य असे की, या उणिवेची भरपाई करणारे पुस्तक पिसुर्लेकरांनीच लिहिले आहे. भारतातील पोर्तुगीज राजनीतीचे हिंदू, मुसलमान, ज्यू व पारशी मध्यस्थ यांवरील त्यांचा पोर्तुगीज ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. १६६७ च्या वाटाघाटीत पोर्तुगीजांकडून गेलेले रामाजी शेणवी कोठारी यांच्यासारखी माणसे तेथे केंद्रस्थानी येतात. शेणवी घराण्यातील ही मंडळी दोन्ही भाषा आणि दोन्ही दरबारांचे रीतिरिवाज जाणत होती. तहाचा मसुदा प्रत्यक्षात त्यांच्या बोलण्यातून आकाराला येई.

यातील विसंगती लक्षणीय आहे. २७ जून १६८४ रोजी याच सत्तेने स्थानिक भाषा हटवून तीन वर्षांत पोर्तुगीज रूढ करण्याचा हुकूम काढला. जी सत्ता रयतेची भाषा पुसू पाहत होती, तिचे परराष्ट्र व्यवहार मात्र त्याच भाषेच्या जाणकारांवाचून चालत नव्हते. १९५२ चा ग्रंथ आणि १९६७ चा ग्रंथ एकत्र वाचल्याखेरीज ही विसंगती उमगत नाही. मराठी वाचकाच्या हाती सहज येतो तो दुसराच, हे आपल्या अभ्यासाचे दुर्दैव आहे.

एका शब्दाची किंमत : १७७९ चा तह

भाषांतराचा प्रश्न केवळ पंडिती नाही, याचा निर्णायक पुरावा १७७९ च्या तहात सापडतो. पहिले इंग्रज-मराठे युद्ध चालू असताना पेशवे व पोर्तुगीज यांच्यात मैत्रीचा तह झाला. त्यात पोर्तुगीजांना दमणलगतच्या प्रदेशातून वार्षिक १२,००० रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे ठरले. १७८३ व १७८५ च्या सनदांन्वये नगर हवेली व दादरा येथील गावे त्यांच्याकडे गेली. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी नगर हवेली मुक्त झाल्यावर पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. दमणहून या गावांकडे जाण्याचा मार्गाधिकार त्याने मागितला आणि त्यासाठी याच तहाचा आधार घेतला.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तह वैध मानला. परंतु जहागीर व सरंजाम या शब्दांवरून मराठ्यांनी केवळ महसूल दिला होता, सार्वभौमत्व दिले नव्हते, असा निष्कर्ष काढला. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची प्रत्यक्ष सत्ता मान्य केल्यामुळे स्थिती बदलली, असेही न्यायालयाने म्हटले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांपुरता मार्गाधिकार मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना तो नाकारला गेला आणि भारताने आपल्या जबाबदारीचा भंग केलेला नाही, असा निर्णय झाला. पुण्याच्या दरबारातील दोन महसुली शब्द पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये तोलले गेले. दप्तरातील संज्ञांचे अचूक वाचन का हवे, याचे याहून बोलके उत्तर सापडणार नाही.

राजकारणापलीकडील संबंध

पिसुर्लेकरांचा ग्रंथ राजकीय व्यवहाराच्या कक्षेत राहतो. तथापि, संबंधांचा दुसरा प्रवाह दप्तराबाहेर वाहत होता. पाव, बटाटा, चावी, लिलाव, पगार, घमेले हे शब्द जळगावच्या बाजारातही कोणाला परके वाटत नाहीत. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये पोर्तुगीज गोव्यात छापले गेले, परंतु ते ओवीबद्ध मराठीत आहे. रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथील किल्ला १७४० मध्ये मराठ्यांकडे गेला, तरी गावातील ख्रिस्ती समाजाची पोर्तुगीज-मिश्रित बोली टिकून राहिली. मराठीच्या सहवासाने त्या बोलीत क्रियापद वाक्याच्या शेवटी गेले. राज्य गेले, भाषा उरली आणि उरताना ती मराठीच्या वळणाची झाली. तहनाम्यांत न सापडणारा हा इतिहास आहे. तो समाविष्ट केल्याशिवाय 'संबंध' हा शब्द पूर्ण अर्थाने सिद्ध होत नाही.

निष्कर्ष

१. 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ साधनग्रंथ म्हणून आजही अपरिहार्य आहे. राजवाडे यांच्या कागदनिष्ठेला त्याने दुसऱ्या भाषेचे दार उघडून दिले.

२. या ग्रंथात दप्तर बोलते, पण दप्तराची उलटतपासणी अपुरी राहते. १९५२ च्या ग्रंथाच्या साहाय्याने तो वाचल्यास मध्यस्थ, भाषांतर आणि हेतू हे घटक स्पष्ट होतात.

३. १७७९ च्या तहाचे प्रकरण इतिहास, मराठी, राज्यशास्त्र व विधी या चारही शाखांना एकत्र आणणारे आहे. पदव्युत्तर वर्गात ते एकाच वेळी चार प्राध्यापकांनी शिकवावे, इतके समृद्ध आहे.

४. आपल्या विद्यार्थ्यांना मोडी शिकविण्याचे प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु मोडी वाचणारा विद्यार्थी पोर्तुगीज वाचू शकत नसेल, तर या इतिहासाचा निम्मा संवाद त्याला ऐकू येणार नाही. दोन्ही भाषांवर पकड असलेला एक पिसुर्लेकर एका पिढीला लाभला. पुढील पिढ्यांनी केवळ त्यांच्या भाषांतरावर विसंबून राहणे, हा त्यांच्या परिश्रमांचा योग्य गौरव ठरणार नाही.