यमकातला कायदा

२०२५ च्या ऑक्टोबरात नाशिककरांच्या मोबाइलवर एक वाक्य येऊन थडकलं आणि बघता बघता महाराष्ट्रभर फिरलं : ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’. ते म्हणणारे पोलीस नव्हते. कालपर्यंत स्वतःच्या रीलमध्ये ‘भाई’ म्हणून मिरवणारे तरुण आता पोलिसांच्या ताब्यात, हात जोडून, माज उतरलेल्या चेहऱ्यानं हे वाक्य म्हणत होते. त्याआधीच्या काही आठवड्यांत पंचवटीत आणि सातपुरात गोळीबार झाले होते. शहर चिडलेलं होतं आणि घाबरलेलंही. मोहिमेत राजकीय पक्षांशी जोडलेल्या माणसांनाही हात घातला गेला, याचं लोकांना विशेष कौतुक वाटलं.

ते कौतुक खोटं नव्हतं. मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा, निमाणी या पट्ट्यात रात्री दुकानाचं शटर ओढणाऱ्या माणसाला दमदाटी करणारा पोरगा हात जोडताना दिसला, तर त्याला बरं वाटणारच. मानवी हक्कांची व्याख्यानं देऊन त्याच्या त्या समाधानावर पाणी ओतण्यात मला रस नाही. मात्र हजारो लोक एखादी संहिता पुन्हा पुन्हा बघतात, पाठ करतात, तिची गाणी आणि विनोद करतात, तेव्हा ती संहिता म्हणून वाचायला हवी. कवितासंग्रहांच्या वाट्याला येते तेवढी समीक्षा तरी तिच्या वाट्याला यावी.

आधी यमक. ‘जिल्हा’ला ‘किल्ला’ जुळतो म्हणून जिल्हा आला. मोहीम होती शहर पोलीस आयुक्तालयाची. ग्रामीण नाशिकला वेगळे पोलीस अधीक्षक आहेत. यमकाच्या सोयीसाठी शेजाऱ्याची हद्द घेतली गेली, ते असो. जास्त बोलका शब्द आहे ‘बालेकिल्ला’. गडावरचा सगळ्यांत उंच, सगळ्यांत आतला भाग. माच्या पडल्या, तटबंदी फुटली की शेवटचा आसरा तिथे. वर्तमानपत्रांनी हा शब्द आमदार-खासदारांच्या मतदारसंघांना लावून गुळगुळीत केला, तरी मूळ चित्र पुसलेलं नाही. कायदा बालेकिल्ल्यात बसलेला असेल, तर रयत कुठे आहे? माचीवर, की पायथ्याच्या पेठेत?

आणि म्हणण्याची तऱ्हा. शाळेत पाढे म्हणवून घेत तसं हे वाक्य म्हणवून घेतलं जातं. मराठीनं ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ एकाच धातूतून घेतले. या रीलमध्ये दोन्ही एकत्र येतात, पण धडा नेमका कोणाला दिला जातोय हे कळत नाही. म्हणणाऱ्याला की बघणाऱ्याला?

हा प्रकार नवा नाही, आणि पंचवटीला तर अजिबात नाही. आख्यायिका खरी मानायची तर या शहराचं नावच एका शिक्षेवरून पडलं आहे. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ते याच परिसरात. देहावर खूण करायची, चारचौघांत तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही : ‘नाक कापणं’ हा वाक्प्रचार आपण आजही त्याच अर्थानं वापरतो. गोष्टीत पुढे काय होतं हेही आपल्याला ठाऊक आहे. शूर्पणखा गप्प घरी बसली नाही. ती आधी खर-दूषणांकडे गेली, मग लंकेला. अपमानानं माणूस सुधारतो, असा निष्कर्ष त्या कथेतून तरी निघत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप अपमानाला नाही. हा रील ज्या कडक शिक्षेचा आभास निर्माण करतो, तिच्याच मुळावर तो येऊ शकतो, हा आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा ब्रिटिशकाळापासूनचा नियम आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या जोडलेल्या हातांची न्यायालयातली किंमत शून्य. दुसरी गोष्ट ओळखपरेडची. अटक केलेल्याचं तोंड कापडानं झाकून पोलीस त्याला कोर्टात नेतात, ते त्याच्या अब्रूसाठी नव्हे. साक्षीदारानं त्याला परेडमध्ये स्वतःच्या आठवणीवरून ओळखावं, आधी पाहिलेल्या फोटोवरून नव्हे, यासाठी. तोच चेहरा गावभर फिरलेला असेल तर बचावाच्या वकिलाला फार कष्ट पडत नाहीत. ‘तुम्ही यांना मोबाइलवर पाहिलं होतं ना?’ एवढा एक प्रश्न पुरतो.

मग ‘सराईत’ या शब्दाकडे वळू. सराईत म्हणजे हात बसलेला. पोलिसांच्या प्रेसनोटमधून तो बातमीत येतो, आणि सोबत ‘त्याच्यावर अमुक इतके गुन्हे दाखल आहेत’ हे वाक्य. दाखल किती हे छापून येतं. सिद्ध किती झाले हे क्वचित. कडक शिक्षेची मागणी करणाऱ्यांनी इथेच थांबून विचारायला हवं. आधीच्या खटल्यांचं काय झालं? पहिला गुन्हा सिद्धच झाला नसेल, तर कायद्याच्या लेखी हा दुसरा कुठून? आणि दाखल गुन्ह्यांची यादी हीच ओळख झाली की ती कुठवर जाते, हे लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’नं १९८७ सालीच सांगून ठेवलं आहे. तिथे जन्मालाच सराईत असण्याचा शिक्का होता.

गंमत अशी की वारंवार गुन्हा करणाऱ्याला वाढीव शिक्षा ही काही आज सुचलेली कल्पना नाही. १८६० च्या दंडसंहितेत कलम ७५ होतं. तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा तसाच दोषी ठरला, तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. पण कोणत्या गुन्ह्यांसाठी? बनावट नाणी आणि मालमत्तेविरुद्धचे गुन्हे. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि हेच कलम १३ क्रमांकानं जवळपास तसंच उतरलं. मालमत्तेच्या प्रकरणात जबरी चोरी आणि दरोडा येतात हे खरं. बलात्कारासारख्या काही गुन्ह्यांत पुनरावृत्तीची वेगळी तरतूदही आहे. पण एकदा कोयता चालवून दोषी ठरलेला पुन्हा कोयता चालवतो, तेव्हा हे कलम त्याला लागत नाही. दुसऱ्यांदा घर फोडणाऱ्याला लागतं. कंपनी सरकारच्या पाठोपाठ आलेल्या राणीच्या राज्याला तिजोरीची काळजी जास्त होती हे समजू शकतं. आपण कोणाची काळजी करत होतो?

ही पोकळी महाराष्ट्रानं दुसऱ्या वाटांनी भरली. १९९९ चा मोक्का टोळीसाठी आहे. त्यात किमान पाच वर्षांची शिक्षा आहे, पण मागच्या दहा वर्षांतली एकाहून अधिक आरोपपत्रं लागतात. १९८१ चा एमपीडीए खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करतो. आणि तडीपारी. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत माणूस हद्दीबाहेर. पंचवटीचा त्रास मग दुसऱ्या कुठल्या तरी गावाच्या दारात. यातलं कलम ५६ मुळातून वाचावं असं आहे. हद्दपारी कधी करता येते, तर अन्य गोष्टींसोबत, साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे यायला तयार नाहीत असं अधिकाऱ्याला वाटलं तर. शासनानं स्वतःच्या कायद्यात लिहून ठेवलेली ही कबुली आहे, आणि ती रीलमधल्या कबुलीपेक्षा कितीतरी खरी आहे.

याच्या अगदी उलट टोकाची संहिता मराठी माणसांनीच दिली आहे. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला आणि व्ही. शांतारामांनी केलेला ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७). सहा खुनी कैदी, एक जेलर आणि एक ओसाड माळ. त्याचं मूळ औंध संस्थानात, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या वसाहतीत आहे. चित्रपट आज पाहिला तर त्याचा भाबडेपणा खुपतो. ज्यांचे खून झाले त्यांच्या घरच्यांना तिथे जागाच नाही. जेलरच्या डोळ्यांवर टाकलेला भार जरा जास्तच आहे. तरी एक गोष्ट त्यानं पक्की धरली आहे. ते सहाही जण दोषी ठरलेले आहेत. अपराध कोर्टात ठरून संपला, त्यानंतर पश्चात्ताप सुरू होतो, आणि तो वाक्य म्हणून नव्हे, नांगर धरून. रीलमध्ये हा क्रम उलटा आहे : निकालाआधी पश्चात्ताप, तोही पंधरा सेकंदांत. शिवाय चित्रपटात शेवटी जेलरचा जीव घेणारं संकट कैद्यांकडून येत नाही, स्वस्त भाजीमुळे बिथरलेल्या बाजाराकडून येतं. ज्यांना भाई पोसून हवा असतो ते कॅमेऱ्याबाहेर राहतात, हे शांतारामबापूंना सत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं.

कायदा वेळेवर आला नाही तर काय होतं, ते नागपूरनं पाहिलं. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादवला जिल्हा न्यायालयाच्या आवारातच संपवलं. वर्षानुवर्षं बलात्कार, खंडणी, मारहाण, आणि तक्रारींना दाद नाही. २०१४ मध्ये या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. ‘२०० हल्ला हो’ (२०२१) हा चित्रपट या घटनेवर बेतलेला आहे. अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू दोघंही नेटकं काम करतात. पण प्रेक्षकाला लक्षात राहतो तो हल्ला. त्याआधीचे पोलीस चौकीतले हेलपाटे, ‘उद्या या’, आणि संध्याकाळी तोच माणूस दारात, यांवर सिनेमा करायला अजून कोणी धजावलेलं नाही. त्यात यमक जुळत नाही.

लोकसहभाग म्हणजे काय याचं उदाहरण शोधायला नाशिकहून मुंबईच्या वाटेवरच्या भिवंडीपर्यंत गेलं तरी पुरे. १९८४ च्या दंगलीनंतर काही वर्षांनी तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शेजारीपाजारी आणि पोलीस नियमानं एकत्र बसायचे. नळ, गटार, भाडेकरूचं भांडण, काहीही. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, आणि त्यावर त्यांनी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिलं. दंगल आणि टोळीयुद्ध या वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण त्या बैठकांतून जे मिळालं ते इथेही लागतंच : चौकीत जाताना आपल्याला पाहिलं जाईल, या भीतीचं कमी होणं.

साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा केला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी योजना मंजूर केली. सिंहस्थ तोंडावर आहे, रामकुंडावर कॅमेरे वाढतील, बंदोबस्तही. रीलमध्ये मात्र आपल्याला दोनच माणसं दिसतात : हात जोडणारा आणि फ्रेमबाहेरून त्याला बोलतं करणारा. ज्यानं त्या रात्री गोळीबार पाहिला, जो हिरावाडीत किंवा फुलेनगरात भाड्यानं राहतो, ज्याला समन्स येईल तेव्हा कदाचित त्यानं घर बदललेलं असेल, त्याच्याविषयी कुठलंच घोषवाक्य अजून कोणी केलेलं नाही.