पूर्वज कोणाचे? : अन्यूरिन बेव्हन यांच्या निमित्ताने

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते अन्यूरिन बेव्हन यांचे नाव आपल्याकडे निघते ते मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवेचे शिल्पकार म्हणून. परंतु चळवळीतील वाचकाने त्यांच्याकडे आणखी एका कारणासाठी वळले पाहिजे असे मला वाटते. सत्तेच्या वास्तूत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या शोषिताच्या मनाचे काय होते, याची नेमकी चिकित्सा त्यांच्या ‘इन प्लेस ऑफ फिअर’ (१९५२) या पुस्तकात आहे.

बेव्हन १८९७ साली दक्षिण वेल्समधील ट्रेडीगर या कोळसाखाणीच्या गावी जन्मले. बोलताना ते अडखळत. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि खाण सुरू झाली. खरे शिक्षण झाले ते कामगारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या ग्रंथालयात. १९२५ साली वडील फुफ्फुसात धूळ साचून वारले. १९२९ मध्ये बेव्हन एबू व्हेलमधून पार्लमेंटवर निवडून गेले आणि १९६० मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथील प्रतिनिधी राहिले.

या सभागृहात शिरणाऱ्या नव्या कामगार सभासदाला आपण देवळात आलो आहोत असे वाटते, हे त्यांचे निरीक्षण. उंच कमानी, पुतळे, दबके आवाज. ही सारी पूर्वजपूजा आहे, असे ते म्हणतात. आणि त्या सभासदाने सर्वांत आधी ध्यानात ठेवायचे ते हे की, हे पूर्वज त्याचे नाहीत.

मराठी शिकवणारा, घराण्यातील पहिला पदवीधर म्हणून हा विचार मला फार जवळचा वाटतो. ‘आपली थोर वाङ्मयीन परंपरा’ हे शब्द वर्गात उच्चारताना त्यातल्या ‘आपली’पाशी जीभ अडते. प्रस्थापित समीक्षक दलित लेखकाला परंपरेच्या मापाने मोजतात, तेव्हा ती परंपरा कोणाची, हा प्रश्न विचारलाच जात नाही. बेव्हन तो विचारतात आणि तिथेच थांबत नाहीत. सभागृह सोडा, असे ते सांगत नाहीत. दिपून न जाता ते हत्यार म्हणून वापरा, असे सांगतात. नकारानंतरची ही पायरी आपल्या समीक्षेत अजून पुरेशी चर्चिली गेलेली नाही.

ती पायरी त्यांच्या कारकिर्दीत दिसते. १९४५ मध्ये ते आरोग्यमंत्री झाले. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिच्यामागे ट्रेडीगरच्या वैद्यकीय साहाय्य संस्थेचा अनुभव होता. कामगारांच्या पगारातून आठवड्याला काही पेनी कापून तेथे डॉक्टर आणि औषधे पुरवली जात. भिंतीवरचे पूर्वज नाकारणारा हा माणूस स्वतःचे पूर्वज बरोबर घेऊन आला होता. १९५१ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या सरकारने शस्त्रखर्चासाठी कवळ्या व चष्म्यांवर आकार बसवायचे ठरवले, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले.

अर्थात बेव्हन यांची पूजा बांधण्याचे कारण नाही. सरकारी रुग्णालयांत पैसेवाल्यांसाठी खाजगी खाटा ठेवण्याची तडजोड त्यांनीच केली. १९५७ च्या पक्षपरिषदेत ब्रिटनने एकतर्फी अण्वस्त्रत्याग करण्यास विरोध करून त्यांनी आपल्याच अनुयायांना दुखावले. आणि त्यांच्या मांडणीची एक मर्यादा आपल्याला विशेष जाणवते. दारिद्र्य, मालमत्ता आणि लोकशाही या तिघांचा संघर्ष ते पाहतात. मात्र जन्माने चिकटणारा विटाळ त्यांच्या अनुभवविश्वात नाही. खाणकामगाराचा मुलगा पार्लमेंटमध्ये बुजतो, पण त्याच्या स्पर्शाने बाक बाटत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटनासमितीत राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्या विसंगतीचा इशारा दिला, तेव्हा त्यांना मालमत्तेबरोबर जातीचाही हिशेब करावा लागला.

म्हणून हे पुस्तक त्या भाषणाशेजारी ठेवून अभ्यासमंडळांतून वाचले जावे. राखीव जागांवरून निवडून गेलेले आपले अनेक प्रतिनिधी सभागृहात गप्प होतात. त्याचे खापर केवळ त्यांच्या स्वार्थावर फोडून भागणार नाही. त्या वास्तूचा दरारा कसा काम करतो, हे तपासावे लागेल; आणि निवडून जाणाऱ्याला आपण कोणता अनुभव, कोणती संघटना बरोबर देतो, हेही.