‘गट्टू’ : बोधचिन्हाच्या स्मरणीयतेचा विचार

बोधचिन्ह जितके साधे, तितके ते अधिक लक्षात राहते, असे सर्वसाधारणपणे प्रतिपादिले जाते. एशियन पेंट्सचा ‘गट्टू’ या मताला छेद देतो. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटलेला, कपाळावर केस आलेला, हाती रंगाचा डबा व ब्रश घेतलेला हा मुलगा रेषांच्या दृष्टीने मुळीच साधा नाही. त्याच्या स्मरणीयतेचे मूळ आकारात नसून स्वभावात आहे; हा खोडकर पोर आता काय रंगवून ठेवील, ही उत्सुकता पाहणाऱ्याच्या मनात शिल्लक राहते. (रंगकाम म्हणजे घरभर पसारा, तेथे असाच पोर शोभतो.) नव्या शतकाच्या आरंभी कंपनीने त्यास निवृत्त करून अक्षरचिन्ह पुढे आणले. ते नेटके आहे, लहान आकारातही स्पष्ट उमटते. व्यक्तिमत्त्व मात्र त्यास लाभलेले नाही.