तक्त्यावरची साखर

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ‘निरोगी हृदय’ या विषयावरचा तक्ता हमखास असतो. रोज चाला, तंबाखू सोडा, मीठ कमी करा, ही त्यातली वाक्ये बरोबरच आहेत. आमचा आक्षेप आहे तो ‘साखर जितकी कमी, तितके हृदय सुरक्षित’ अशा अर्थाच्या ओळीला. ती सर्व वयांना सरसकट लावली जाते, आणि मुले ती घरी आजी-आजोबांना ऐकवतात.

ज्यांच्या रक्तात साखर जास्त, त्यांच्यात हृदयविकारही जास्त, हे निरीक्षण खरे आहे. पण म्हणून औषधांनी साखर खाली रेटली की हृदयविकारही तेवढाच घटेल, असे ठरत नाही. ते प्रयोगानेच तपासावे लागते. अमेरिका व कॅनडात ‘ॲकॉर्ड’ या प्रयोगात ते तपासले गेले. बरीच वर्षे मधुमेह असलेले व हृदयविकाराचा धोका अधिक असलेले १०,२५१ जण त्यात होते. सरासरी वय ६२. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे जवळजवळ समान दोन गट केले. एचबीएवनसी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देते. एका गटात ती ६ टक्क्यांच्या खाली आणायची, दुसऱ्यात ७ ते ७.९ च्या दरम्यान ठेवायची, असे ठरले. सरासरी साडेतीन वर्षांनी, फेब्रुवारी २००८ मध्ये, पहिल्या गटाचे कडक उपचार थांबवावे लागले. त्या गटात २५७ मृत्यू झाले होते, दुसऱ्यात २०३. गंमत अशी, की जिवावर न बेतलेले हृदयविकाराचे झटके पहिल्या गटातच कमी होते!

प्रयोगातही उणिवा आहेत. मृत्यू कशाने वाढले याचा नीट उलगडा झाला नाही. शिवाय ऐंशी ओलांडलेली माणसे त्यात घेतलेलीच नव्हती. ज्यांच्याबद्दल आपण बोलतो आहोत, नेमकी तीच. एक फरक मात्र स्वच्छ दिसला. साखर इतकी उतरली की वैद्यकीय मदत घ्यावी लागली, असे पहिल्या गटात १०.५ टक्के लोकांना झाले, दुसऱ्यात ३.५ टक्के. अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी अमेरिकन मधुमेह संघटना आता ८ टक्क्यांच्या आतले मूल्य पुरेसे मानते, त्यामागे ही भीतीही आहे.

वृद्धांत साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तरी घाम, थरथर ही चिन्हे पुष्कळदा ठळक नसतात. माणूस नुसता गोंधळतो, असंबद्ध बोलतो, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. एकादशीला उपाशीपोटी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन आजोबा फिरायला निघाले, तर त्यांनी तक्त्यातली दोन्ही वाक्ये पाळलेली असतात. तक्त्यावर ७० चा आकडा नसतो. शुद्धीवर असलेल्या अशा माणसाला लगेच साखरपाणी द्यावे, हेही नसते. आणि नेहमीच्या गोळीचे उपवासाच्या दिवशी काय करायचे, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे, हेही नाही.